डबा तीन, डबा सोळा

शनिवारी पहाटे पाच वाजून बावन्न मिनिटांनी नार्बोन स्टेशनच्या तीन नंबरच्या खिडकीमागे सोलांज एस्कांद आपल्या चौकटीच्या वहीतले आकडे पडताळत होती. खिडकीचा पडदा अजून खाली होता. बाहेर माणसं जमू लागल्याचं बॅगांच्या चाकांच्या आवाजावरून कळत होतं. जुलैचा शेवटचा शनिवार. अर्धा देश समुद्रावरून घरी परततो आणि उरलेला अर्धा समुद्राकडे निघतो, तो हा दिवस.

त्या वहीत काय असतं हे स्टेशनातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. उत्तरेकडे जाणारी प्रत्येक वेगवान गाडी एकेरी आहे की जोडगाडी, आणि जोडगाडी असेल तर कुठले डबे पुढे, कुठले मागे. हे संगणकावर दोन कळा दाबल्या की दिसतं. तरीही सोलांज आदल्या दिवशी घरी जाण्याआधी ते शिसपेन्सिलीनं लिहून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधी पुन्हा ताडून बघते. तेरा वर्षं झाली. सुटीचे आणि आजारपणाचे दिवस सोडले तर खाडा नाही.

या शनिवारच्या पानावर पाचवी ओळ अशी होती: आठ बेचाळीस, लील. जोडगाडी. एक ते आठ पुढे, अकरा ते अठरा मागे.

सोलांज एकसष्ट वर्षांची आहे. तिचे वडील याच स्टेशनामागच्या यार्डात सांधेवाले होते. ती सव्विसाव्या वर्षी खिडकीवर बसली तेव्हा सात खिडक्या होत्या. आता तीन आहेत, त्यातली एक फक्त सोमवारी आणि शुक्रवारी उघडते. बहुतेक लोक तिकिटं फोनवर काढतात. खिडकीशी येतात ते ज्यांचं फोनवर अडलं आहे असे. त्यामुळे तिच्या वाट्याला सोपं गिऱ्हाईक क्वचितच येतं.

सहा दहाला पडदा वर गेला. रांगेत पहिले होते ओमेर व्हानेस्त, वय एक्क्याऐंशी, बेल्जियमचे. इस्त्रीचा सदरा, उजव्या हातात काठी, खांद्याला शाळकरी मुलांची असते तशी पाठपिशवी. ते पावणेसहापासून उभे होते.

"नमस्कार, मादाम. मला लीलला जायचंय. आजच. युरोपभर चालणारा रेल्वेचा पास आहे माझ्याकडे."

गरम सूपचं भांडं धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला फोन त्यांनी काचेखालून पुढे केला.

"आजचा दिवस टाकलाय का पासमध्ये?" सोलांजनं विचारलं.

"नातीनं सगळं घालून दिलंय. मी कशाला बोट लावत नाही."

"पासावर प्रवासाचे मोजकेच दिवस असतात. निघायचा तो दिवस ज्याचा त्यालाच टाकावा लागतो. आत्ता नको. आधी जागा मिळू दे, नाहीतर एक दिवस फुकट जाईल."

"जागा? पास सगळीकडे चालतो म्हणाले होते."

"चालतो. पण वेगवान गाडीत जागा वेगळी घ्यावी लागते. पासवाल्यांसाठी मोजक्याच असतात. आजच्या तीन आठवड्यांपूर्वी संपल्या."

ओमेर यांनी मान हलवली. चिडले नाहीत. निम्मे लोक इथे सोलांजवर चिडतात, जणू जागा तिनं ओढणीखाली लपवून ठेवल्या आहेत. तिनं आठ बेचाळीस उघडून पाहिली. पासवाल्यांच्या जागा शून्य. पूर्ण भाड्याच्या शून्य. पहिल्या वर्गात शून्य. पॅरिसमार्गे पहिली रिकामी जागा दुपारी दोनला होती.

"किती वाजेपर्यंत पोहोचायला हवं?"

"लीलला पुतण्या गाडी घेऊन येईल. तिथून अर्धा तास. पाचच्या आत घरी पोहोचायचं."

"पाच म्हणजे पाचच? संध्याकाळी आठ चालणार नाही?"

"पाचला झाकण लावतात," ओमेर म्हणाले.

सोलांजची बोटं कळांवरच राहिली. मग तिला उमगलं.

"कोण?"

"भाऊ. धाकटा. माती सोमवारी आहे, तिला मी पोहोचेन हो, रांगत गेलो तरी. पण शनिवारी पाचला शवपेटी बंद झाली की ती बंद. रविवारी अंत्यविधीवाल्यांचं दुकान उघडत नाही." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "त्यानंच धाडलं मला स्पेनला. तरुणपणी तिथल्या एका गिरणीत आम्ही दोघांनी माग बसवले होते. जाऊन बघून ये म्हणाला, ती भिंत आहे का अजून. मी काही इतक्यात मरत नाही म्हणाला. कायमचा खोटारडा."

"भिंत आहे?"

"आहे. वर फ्लॅट बांधलेत."

निरोप गुरुवारी रात्री आला होता. शुक्रवारी दिवसभर ते साध्या गाड्या बदलत हद्दीपर्यंत आणि तिथून इथपर्यंत आले होते, कारण साध्या गाडीत पास दाखवला की झालं, जागा घ्यावी लागत नाही. त्याच साध्या गाड्यांनी पुढे गेलं तर लील उद्या दुपारी. सोलांजनं तो हिशोब त्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला.

रांगेतून एक जण म्हणाला, "आजोबांना तिकडे भूगोल शिकवताय का? माझी सहा सदतीसची आहे."

"मग काल यायचंस," त्याच्या मागची बाई म्हणाली. "आदल्या दिवशी तिकीट काढायला कुणी हात धरले होते?"

"तुम्हाला विचारलं का कुणी?"

"नाही. फुकट सांगतेय."

सोलांजनं ओमेर यांना समोरच्या बाकावर बसायला सांगितलं. "तिथून मला दिसाल असे बसा. लोक जागा सोडतात. सकाळी सकाळी जास्त सोडतात. कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाचं भांडण होतं. एखादी सुटली की मी हात करीन."

पुढचा तास तिनं दोन कामं एकदम केली. प्रत्येक गिऱ्हाइकाचं तिकीट छापलं जात असताना त्या सात-आठ सेकंदांत ती आठ बेचाळीस उघडून पाहायची. सहा पन्नासला बेझिएपर्यंत एक जागा दिसली आणि तिनं कळ दाबेपर्यंत गेली. ओमेर बाकावर ताठ बसून होते. पाठपिशवी मांडीवर. एकदा उठून त्यांनी यंत्रातून कॉफी घेतली आणि जागा जाईल म्हणून धावत परत आल्यासारखे येऊन बसले, पण बाक रिकामाच होता.

सात पंचवीसला नार्बोन ते लिऑन एक जागा सुटली, पासवाल्यांच्या वाट्याची. डबा तीन, जागा बासष्ट. सोलांजनं ती लगेच धरली. सात एकतीसला लिऑन ते लील दुसरी सुटली. डबा सोळा, जागा चौपन्न. तीही धरली. एकाच गाडीत दोन तुकडे. खिडकीवरची माणसं याला ठिगळ म्हणतात. प्रवासी पहिल्या जागेवर लिऑनपर्यंत बसतो, तिथे उठतो आणि दुसऱ्या जागेवर जाऊन बसतो. तिकीट पक्कं असतं, नियमात बसतं.

शेजारच्या खिडकीवरचा यानिक मान वळवून पाहत होता. तो चौतीस वर्षांचा, सोलांजच्याच हाताखाली शिकलेला.

"मिळालं की. दे ना त्यांना."

"तीन आणि सोळा."

"मग?" यानिक म्हणाला आणि स्वतःच्या संगणकाकडे वळला. आज शनिवार आहे हे त्याला आठवलं असावं. "जोडगाडी," तो म्हणाला.

जोडगाडी म्हणजे दोन आख्ख्या गाड्या नाकाला नाक लावून जोडलेल्या. एक ते आठ डबे एका गाडीचे, अकरा ते अठरा दुसऱ्या गाडीचे. मध्ये दोन इंजिनं. आतून एकीतून दुसरीत जायला वाट नाही. ज्याला तीनमधून सोळात जायचंय त्यानं लिऑनला फलाटावर उतरायचं, दोनशे-अडीचशे मीटर चालायचं आणि पुन्हा चढायचं. गाडी तिथे सहा मिनिटं थांबते. दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. उरली चार. शनिवारी त्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते.

तेरा वर्षांपूर्वी सोलांजनं असंच एक ठिगळ मादाम रुमेगा यांना लावलं होतं. मादाम रुमेगा म्हणजे सिग्नलवाल्या रुमेगांची बायको, चौऱ्याहत्तर वर्षांची, रेल्वेची विधवा म्हणून पास मिळालेली. व्हालांसपर्यंत डबा पाच, पुढे डबा बारा. व्हालांसला गाडी तीन मिनिटं थांबते. सोलांजला जोडगाडी माहीत होती. स्वतःचं नाव माहीत असावं तशी माहीत होती. पण तिनं शनिवारच्या ऐवजी शुक्रवारचा रकाना पाहिला. शुक्रवारी डब्यांचे आकडे वेगळे असायचे आणि गाडी एकेरी. ती मादाम रुमेगांना म्हणाली, "उतरू नका, आतून चालत जा, सावकाश."

मादाम रुमेगा आतून सावकाश चालत गेल्या. आठव्या डब्याच्या टोकाला त्यांना भिंत लागली. तिथे दार असेल म्हणून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग व्हालांसला गाडी थांबल्यावर उतरल्या, धावल्या, बाराव्या डब्याच्या पायरीवरून पडल्या. खुबा मोडला. त्या पुन्हा आधाराशिवाय चालल्या नाहीत.

कागदोपत्री सोलांजची चूक कुठेही आली नाही. तिकीट बरोबरच होतं. तोंडानं सांगितलेलं तिकिटावर छापलं जात नाही. ती दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मादाम रुमेगांकडे जायची, चार वर्षं, त्या जाईपर्यंत. पत्ते खेळायच्या दोघी. त्या विषयावर मादाम रुमेगा एकदाच बोलल्या. "तू सांगितलंस म्हणून मी आतून गेले. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर टीसीला विचारलं असतं." ओरडून नाही. पान टाकता टाकता.

तेव्हापासून वही आहे. आणि तेव्हापासून पळू न शकणाऱ्या माणसाला सोलांज ठिगळ लावत नाही.

सात चाळीसला तिनं खिडकीवर "पाच मिनिटांत येते"ची पाटी ठेवली आणि आतल्या खोलीतून लिऑनच्या फलाटावरच्या हमीदला फोन लावला. हमीद तिथे अपंग आणि वृद्ध प्रवाशांना चढवण्या-उतरवण्याचं काम बघतो. वीस वर्षांची फोनवरची ओळख. एकमेकांना त्यांनी पाहिलेलं नाही.

"आठ बेचाळीसला एक आजोबा आहेत. तीनमधून सोळात न्यायचेत."

"आज?" हमीद म्हणाला. "सोलांज, आज कुठला शनिवार आहे ते ठाऊक आहे ना तुला? माझ्याकडे बाराच्या ठोक्याला चाकाच्या खुर्चीवरचे सहा जण आहेत आणि ढकलायला माणसं तीन. दोन दिवस आधी कळवायचं असतं."

"दोन दिवसांपूर्वी त्यांचा भाऊ जिवंत होता."

पलीकडे हमीदनं कामांची यादी चाळल्याचा आवाज आला.

"मोकळा असलो तर येईन. वचन देत नाही. तुला खोटं सांगितलं तर तू त्यावर विसंबशील."

"बरं केलंस सांगितलंस ते."

ती परत आली. रांग खांबापर्यंत गेली होती. यानिक म्हणाला, "हे बघ, आजोबा चालतात. हळू, पण चालतात. चार मिनिटं आहेत. समजा नाही जमलं तर लिऑनला राहतील. इथे राहिले तरी राहिलेच ना?"

"इथे राहिले तर हाडं शाबूत राहतील."

"आणि भाऊ?"

सोलांजनं वही उघडून पाचवी ओळ पुन्हा वाचली. मग ओमेर यांना हात केला.

एक गोष्ट तिला मादाम रुमेगांच्या वेळी सुचली होती, पण तीन आठवडे उशिरा, इस्पितळातून परतताना. ज्या गाडीत शेवटी बसायचंय तिच्यातच पहिल्यापासून चढायचं. पहिल्या तुकड्याचं तिकीट आहे म्हणून माणूस गाडीत असायचा हक्क शाबूत राहतो. फक्त त्या जागेवर बसायचं नाही. दाराजवळच्या घडीच्या सीटवर बसून जायचं. तेरा वर्षं ही युक्ती तिच्याजवळ पडून होती. वापरायची वेळ आली नव्हती, कारण ठिगळच तिनं बंद केलं होतं.

तिनं ओमेर यांना सगळं सांगितलं. तीन, सोळा, मधली भिंत. मादाम रुमेगांचंही, नाव न घेता, चार वाक्यांत.

"वाचल्या का त्या बाई?"

"चार वर्षं."

"हं," ओमेर म्हणाले. "मग काय करायचं म्हणता?"

"तुमची चांगली सीट सोडायची. तीन तास चौदा मिनिटं दाराजवळ घडीच्या सीटवर. पाठ टेकत नाही नीट. शेजारी संडास. लोक बॅगा घेऊन अंगावरून जातील. पण लिऑनला उतरायचं नाही. फक्त दोन पावलं आत जाऊन चौपन्नवर बसायचं. ती तिथे रिकामी होते."

"मी चाळीस वर्षं मागाच्या खाली उकिडवा बसून काढलीत, मादाम."

"तेव्हा तुम्ही एक्क्याऐंशीचे नव्हता."

"तेव्हा माझ्याजवळ सीट पण नव्हती."

सोलांजनं दोन्ही आरक्षणं छापली. मग त्यांचा फोन घेऊन पासमध्ये आजचा दिवस टाकला, गाडी टाकली, आणि फोन परत देताना पडदा त्यांच्याकडे करून दाखवला. कागदावर पेन्सिलीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: लिऑनला उतरू नका.

आठ एकतीसला तिनं पुन्हा पाटी ठेवली. या खेपेला पाच मिनिटांची नाही, नुसती "बंद".

"रांगेत बावीस माणसं आहेत," यानिक म्हणाला.

"मोजलीस ना? मग घे."

फलाटावर उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता, आमच्याकडे बारमाही सुटतो तसा. फलकावर अकरा ते अठरा दक्षिणेच्या टोकाला दाखवले होते. सोलांज तिकडे गेली नाही. ती ओमेर यांना घेऊन फलाटाच्या बरोबर मध्यावर उभी राहिली. गाड्या कधी कधी उलट्या लागून येतात, आणि फलकाला ते गाडी दिसेपर्यंत कळत नाही. मध्यावरून दोन्हीकडे अंतर सारखंच.

गाडी आठ पस्तीसला शिरली. पहिलं दार समोरून गेलं त्यावर एक होता. मग दोन, मग तीन. उलटी नव्हती. सोलांजनं ओमेर यांचा दंड धरला आणि मागच्या बाजूला चालायला लागली.

मागच्या गाडीची टीसी डबा सोळाच्या दारात उभी होती, जेमतेम तिशीची मुलगी. छातीवरच्या पट्टीवर नाव नादेज. सोलांजनं दोन वाक्यांत सांगितलं. नादेजनं तिकिटं पाहिली.

"यांची सीट पुढच्या गाडीत आहे. घडीची सीट म्हणजे सीट नव्हे, मादाम. आज माझ्याकडे आधीच माणसं उभी आहेत."

"म्हणूनच म्हणते. डबा तीन, बासष्ट लिऑनपर्यंत रिकामी जाणार. तुमच्या उभ्या माणसांतलं एक, धडधाकट बघून, पळवा तिकडे. यांना इथे बसू द्या. माणसं तेवढीच राहतात."

नादेजनं काठीकडे पाहिलं, मग पुढच्या गाडीकडे. खांद्यावरच्या फोनमध्ये काहीतरी बोलली. दारात बॅगेवर बसलेल्या एका मुलीला म्हणाली, "तुला सीट हवी? डबा तीन, बासष्ट. दीड मिनिट आहे. पळ." मुलगी पळाली.

"लिऑनपर्यंत," नादेज म्हणाली.

"लिऑनपर्यंत. तिथून सोळा, चौपन्न. आणि त्यांना उतरू देऊ नका. कुणी काही सांगितलं तरी."

ओमेर चढले. घडीची सीट खाली ओढून बसले, काठी गुडघ्यांत धरली, पाठपिशवी पुन्हा मांडीवर. दार बंद होताना त्यांनी हात केला नाही. कागद उघडून वाचत होते.

आठ अठ्ठेचाळीसला तीन नंबरची खिडकी पुन्हा उघडली. रांगेत एकतीस माणसं होती. त्यांतला एक म्हणाला, "कॉफी झाली का, मादाम?" सोलांज म्हणाली, "झाली. कुठे जायचंय?"

दुपारी ती एकीकडे डब्यातलं थंड ऑम्लेट पाव लावून खात होती आणि दुसरीकडे संगणकाच्या पडद्याकडे बघत होती. बारा दोनला लिऑनहून सुटायची गाडी बारा दहाला सुटली. बारा एकोणीसला डबा सोळा, जागा चौपन्न या ओळीपुढे खूण उमटली. तिकीट तपासलं की उमटते ती. म्हणजे ओमेर त्या जागेवर बसले होते. तिनं पावाचा तुकडा खाली ठेवला, उरलेले जर्दाळू यानिकच्या टेबलावर सरकवली आणि दुसऱ्या दिवसाचं पान लिहायला घेतलं. एक पन्नासला ती घरी गेली.

तीन बावीसला स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. यानिक होता.

"लील. चौदा मिनिटं उशीर. आत्ता लागली."

"मी विचारलं नव्हतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पाच वाजायला अजून दीड तासाहून जास्त वेळ होता. पुढचा अर्धा तास पुतण्याच्या गाडीचा, आणि तो भाग सोलांजच्या पडद्यावर दिसत नाही. खिडकीशी आलेली माणसं पोहोचल्यावर कळवत नाहीत. ओमेर यांनीही कळवलेलं नाही. तिचा नंबर त्यांनी मागितला नव्हता, तिनं दिला नव्हता. पाच वाजता ती अंगणात वाळलेले कपडे काढत होती आणि घड्याळाकडे तिनं एकदा पाहिलं, असं तिचा नवरा सांगतो.

उद्या रविवार आहे. तीन नंबरची खिडकी आठला उघडते. सोलांज पावणेआठला येईल आणि वहीतलं पान संगणकाशी ताडून बघेल. पाचव्या ओळीत लिहिलं आहे: आठ बेचाळीस, लील. एकेरी. डबे एक ते आठ.